भागूची थाळी

“तुम्ही विश्वास ठेवणार नाही,” मी म्हणालो, “आणि ठेवलात तर मलाच वाईट वाटेल. जन्मभर गणित शिकवलं ते काय पोरांनी कुणाचंही ऐकून माना डोलवाव्यात म्हणून? तेव्हा आधीच सांगतो, आता जे ऐकाल त्यातलं एक अक्षर तुम्हाला पटणार नाही.”

दहावीचा वर्ग खूश झाला. त्यांचा निरोप समारंभ होता. प्रमुख पाहुण्यांची गाडी घाटात बंद पडली होती आणि ते येईपर्यंत पोरांना धरून ठेवायचं काम हेडसरांनी माझ्यावर टाकलं होतं. निवृत्त मास्तराचा तेवढाच उपयोग. पहिल्या बाकावरच्या मुलीनं नेमका प्रश्न विचारला होता, “सर, सगळ्या शाळांत घंटा असते. आपल्या शाळेत थाळी का?”

हा प्रश्न दर वर्षी कुणीतरी विचारतंच. नाही विचारला, तर मी कुणाच्या तरी कानात सांगून विचारायला लावतो.

दारात वैजू उभी होती. वैजयंता गुरव. माझीच विद्यार्थिनी, आता शाळेच्या ऑफिसात कारकून आहे. तिच्या हातात पोह्यांच्या बश्यांचं ताट होतं.

“सर, आज थोडक्यात,” ती म्हणाली. “पोहे गार होतील.”

“थोडक्यातच सांगतो. बस.”

ती बसली नाही. मी सुरू केलं.

करोनाचं पहिलं साल. शाळेला कुलूप. वरून हुकूम आला, मुलांना ऑनलाइन शिकवा. आता आमच्या आंबेघोलात मोबाइलला रेंज एकाच जागी, म्हसोबाच्या माळावर, आणि तीही म्हसोबाच्या मर्जीनं. तरी मी हुकमाचा ताबेदार. मी लिंक पाठवली. ती अजून घाटात आहे.

मग आमच्या दौलू शिपायानं डोकं चालवलं. पंधरा ऑगस्टला लावायचे दोन भोंगे त्यानं शाळेच्या कौलांवर चढवले, एक खालच्या गावाकडे तोंड करून, दुसरा दरीपलीकडच्या धनगरवाड्याकडे. वीज गेली की ट्रॅक्टरची बॅटरी. सकाळी मी ऑफिसात माइकपुढे बसायचो आणि पोरं आपापल्या अंगणात, पडवीत, गोठ्यात. फळा नव्हता, म्हणून चुलीतली राख पसरायला सांगितली. “राखेत त्रिकोण काढा,” म्हणालो की साऱ्या गावातल्या चुली रिकाम्या व्हायच्या. बायका म्हणायच्या, भांडी घासायला राख ठेवा गुरुजी, आज वर्तुळ नका घेऊ.

“आणि म्हशी, सर?” मागून एकजण ओरडला. त्याच्या थोरल्या भावानं ही गोष्ट ऐकलेली असणार.

“सांगतो ना. गोठ्यात बसून शिकलेली पोरं, त्यामुळे म्हशींच्याही कानावर जायचंच. पताड्यांची मोरी म्हैस तर अशी तयार झाली की पायथागोरसचा सिद्धांत म्हटल्याशिवाय पान्हा सोडायची नाही.”

“गेल्या वर्षी ती नुसती वर्गमुळं काढायची,” वैजू दारातून म्हणाली.

“अभ्यास वाढला तिचा.”

वर्ग हसला. हसू दे. पुढं हसायची जागा नव्हती.

प्रश्न होता हजेरीचा. मी बोलतोय ते पोरं ऐकतायत की अंथरुणात लोळतायत, कळायचं कसं? त्याच साली साऱ्या देशानं थाळ्या वाजवल्या होत्या. आम्ही म्हटलं, आपणही वाजवू. मी नाव घ्यायचो आणि थांबायचो. ज्याच्या त्याच्या घरून थाळी वाजली की पुढचं नाव. चार दिवसांत मला थाळ्या ओळखू यायला लागल्या. पताड्यांच्या नामदेवचं जर्मनचं, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमचं, ताट बद्द वाजायचं. या वैजूची स्टीलची थाळी कर्कश, कान किटवणारी. आणि सगळ्यात शेवटी, दरीच्या पलीकडून, भागूची.

भाग्यश्री झोरे. धनगरवाड्यातलं शेवटचं घर तिचं, त्याच्या वर फक्त जंगल. बाप लहानपणीच गेलेला. घरात ती, आई सगुणाबाई आणि म्हशी. त्या वाड्यातून दहावीपर्यंत पोचलेली पहिली मुलगी. शाळा सुरू होती तेव्हा दुधाचा कॅन घेऊन दरी उतरायची, डेअरीला घालायची आणि मग वर्गात यायची. तिच्याकडं आईच्या लग्नातली काशाची थाळी होती. काशाचा आवाज कसा असतो, रोज ऐकताच तुम्ही. एकदा वाजवली की दरी भरून वाजायची. आवाज विरेपर्यंत मी पुढं बोलायचो नाही. माझ्या तासाची सुरुवात तिथून व्हायची.

आता एक घोटाळा ऐका. त्याच भोंग्यावरून ग्रामपंचायतही सूचना द्यायची. आणि त्या दिवसांत सूचना म्हणजे काय, अमक्या अमक्याचे निधन झाले आहे, अंत्यविधीला कुणी येऊ नये. भोंगा खरखरला की बायकांच्या हातातलं लाटणं थांबायचं. अशात एके दिवशी पताड्यांचा नामदेव आदल्या सांजेला सांगून गेला, सर, पोट बिघडलंय, उद्या यायचा नाही. मी आपलं सकाळी त्याचं नाव गाळलं आणि पुढं गेलो. झालं! गावानं ऐकलं, आज नामदेवचं नाव नाही. त्याच्या आत्यानं हंबरडा फोडला. शेजारणी धावल्या. नामदेव परसाकडून टमरेल घेऊन आला, तर अंगणात त्याच्याच नावानं रडारड. म्हणतात, तोही थोडा रडला.

दुपारी सरपंच माझ्याकडं आले. हसत नव्हते.

“गुरुजी, एक करा. नाव कुणाचं गाळू नका. आजारी असू दे, गावाला गेलेलं असू दे, नाव घ्या. भोंग्यावर नाव हाय म्हंजे माणूस हाय, असं धरून बसल्यात लोकं.”

मी मान्य केलं.

श्रावण सरत आला आणि धनगरवाड्यावर ताप आला. आधी सगुणाबाईला, मग भागूला. तालुक्याहून गाडी आली, आतले लोक पांढऱ्या पोशाखातले, नखही दिसत नव्हतं. गाडी दरी ओलांडून वर जाऊ शकत नव्हती, म्हणून मायलेकींना खाली शाळेपर्यंत चालत आणलं. गाव दारं लावून फटींतून बघत होतं. मी आणि दौलू तेवढे फाटकाशी. धाप लागली होती पोरीला. तरी गाडीत चढता चढता वळली.

“सर, समरूप त्रिकोण राहिला.”

“तू आलीस की घेऊ.”

“घ्या तुम्ही. पोरं थांबायची न्हाईत.” मग जरा दम घेऊन म्हणाली, “सर, माझं नाव गाळू नका.”

“गाळत नाही.”

“थाळी वाजली न्हाई तरी?”

“तरी.”

दार लागलं. दौलू वर जाऊन त्यांच्या म्हशी खालच्या वाडीत सोडून आला, घराला कुलूप लावलं आणि किल्ली आपल्या करदोट्याला बांधली.

मी थांबलो. वर्गात पंखा तेवढा वाजत होता. वैजूनं ताट एका हातातून दुसऱ्या हातात घेतलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी धुकं असं होतं की मी खिडकीतून हात बाहेर काढला आणि माझाच हात मला परका वाटला. हजेरी घेत गेलो. जर्मनचं ताट वाजलं, वैजूची थाळी कान किटवून गेली. शेवटी मी म्हणालो, “भाग्यश्री झोरे.” कबूल केल्याप्रमाणे म्हणालो. आणि सवयीनं थांबलो.

काशाची थाळी वाजली.

दरी भरून वाजली, नेहमीसारखी. विरायला नेहमीइतकाच वेळ घेतला.

दौलू अ‍ॅम्प्लिफायरपाशी होता. त्यानं करदोटा चाचपला.

“सर, किल्ली हितं हाय.”

“प्रतिध्वनी असेल.”

“कशाचा, सर? वाजवलंय कुणी हिकडं?”

माइक चालू होता हे आमच्या दोघांच्याही लक्षात नव्हतं. सगळ्या गावानं ते ऐकलं. मी घसा खाकरला आणि धडा सुरू केला. समरूप त्रिकोण. “राखेत त्रिकोण काढा. एबीसी. आता बाजू एबीवर एक बिंदू घ्या, डी. तिथून बीसीला समांतर रेषा काढा, ती एसीला मिळेल तिथं ई.” माझा आवाज मलाच भोंग्यातून ऐकू येत होता, दुसऱ्या कुणाचा असावा तसा.

तास संपल्यावर आम्ही दोघं वर गेलो. दौलू यायला तयार नव्हता. पण किल्ली त्याच्याकडं, आणि किल्ली द्यायलाही तो तयार नव्हता, कारण मग मागं एकटं थांबावं लागलं असतं. दरीतून वर चढेपर्यंत त्याचा हात करदोट्यावरच होता. धुक्यातून घर अचानक पुढं आलं. कुलूप जागच्या जागी. दौलूनं ते दोनदा ओढून बघितलं, मग उघडलं.

आत गार होतं. चूल विझलेली. गोठ्याच्या बाजूला दावी तेवढी लोंबत होती. थाळी खुंटीला टांगलेली होती. मी जवळ जाऊन तिच्यावर तळहात ठेवला. हाताला मुंग्या आल्या. थाळी आतल्या आत थरथरत होती, नुकतंच ओरडून गप्प बसलेल्या माणसाच्या छातीसारखी. माझ्या हाताखाली ती हळूहळू निवली.

“सर,” दौलू मागून म्हणाला. “हिकडं बघा.”

पडवीच्या कोपऱ्यात, चुलीपासून चार पावलांवर, राख पसरलेली होती. भागूच बसायची तिथं. राखेत त्रिकोण होता. एबीसी. मी म्हटलं, कालचा असेल, परवाचा असेल, ती रोजच काढायची. मग दौलूनं बोट दाखवलं. त्रिकोणाच्या आत एक आडवी रेषा होती. डी आणि ई. बीसीला समांतर.

ती रेषा मी त्या सकाळीच सांगितली होती.

“मग?” पहिल्या बाकावरची मुलगी म्हणाली. तिनं शेजारणीचा हात धरला होता.

मग काय? आम्ही कुलूप लावलं आणि खाली आलो. दौलूनं गावात काही सांगायचं नाही असं ठरलं, म्हणजे संध्याकाळपर्यंत गावाला कळलं. कुणीतरी म्हणालं, देवरुषी बोलवा. कुणी म्हणालं, मास्तरला नाव घ्यायचं बंद करायला सांगा. सरपंचांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, “का बंद करायचं? थाळी वाजतीया न्हवं? म्हंजे पोरगी हाय.”

तेवढ्यावर गाव थांबलं. दवाखान्यातून खबर यायची कशी? म्हसोबाच्या माळावर जाऊन फोन लावला तर कुणी उचलायचं नाही, उचललं तर म्हणायचे, नंतर करा. तेव्हा आमची खबर एकच. सकाळी मी शेवटचं नाव घ्यायचो आणि अख्खं आंबेघोल श्वास धरून बसायचं. चुलीपुढच्या बायका, गोठ्यातली माणसं, अंगणातली पोरं. थाळी वाजायची. मग कुठंतरी बादली आपटायची, कुणी कुणाला हाक मारायचं, आणि गाव चालू व्हायचं.

मीही बदललो. शिकवून झालेलं पुन्हा सांगायला लागलो. “कुणाला समजलं नसेल तर परत सांगतो,” म्हणायचो आणि खिडकीतून दरीपलीकडं बघायचो. बघायला दिसत काही नव्हतं. पोरंही समजून होती. एरवी एक प्रमेय दोनदा सांगितलं तर जांभया देणारी पोरं, पण तेव्हा कुणी कुरकुरलं नाही.

मात्र थाळीचा आवाज बारीक होत चालला. आधी मला वाटलं माझाच कान. दौलूला विचारलं, तो नुसता मान खाली घालून वायरी गुंडाळत राहिला. नाव घेतल्यावर थाळी वाजायला वेळ लागायचा. जिना चढून दाराशी येणाऱ्या म्हाताऱ्या माणसाला लागतो तसा. मी थांबायचो. कितीही वेळ लागला तरी थांबायचो. गणपती बसले, आरत्या झाल्या नाहीत, गणपती गेले. आवाज आता थाळीचा वाटतच नव्हता, कुणी बोटानं वाटी टिचकावी तेवढा.

आणि एका सकाळी मी म्हणालो, “भाग्यश्री झोरे.”

काही नाही.

धुकं उतरलं होतं त्या दिवशी. पलीकडचं घर ऑफिसच्या खिडकीतून स्वच्छ दिसत होतं, कुलपासकट दिसतं की काय असं वाटावं इतकं. मी थांबलो. पुन्हा म्हणालो, “भाग्यश्री झोरे.” दौलूनं भिंतीकडं तोंड केलं. सगळं गाव गप्प. मला कळत होतं की आता मला पुढं बोलायला हवं आणि मी पुढं बोललो तर ते गाळल्यासारखंच होणार. तिसऱ्यांदा मी नाव घेतलं.

एक थाळी वाजली.

कशाची, सांगू? स्टीलची. कर्कश, कान किटवणारी. ती कुठल्या पडवीत वाजली हे मी झोपेतही सांगितलं असतं. माझ्या तासाला दुसऱ्याची हजेरी लावली तर मी कान उपटायचो, सगळ्या पोरांना ठाऊक होतं. त्या दिवशी मी माइकवर म्हणालो, “हजर.” आणि धडा सुरू केला.

वर्गातली दोन-चार डोकी दाराकडं वळली. वैजू खाली ताटातल्या पोह्यांकडं बघत होती.

“सर,” मागच्या बाकावरचा म्हशीवाला आता हळू बोलला, “थाळी का नाही वाजली? गेली ती?”

“खुळ्या!” मी म्हणालो. “तुला गणित येत नाही ते नाहीच, साधा विचारही करता येत नाही? इतके दिवस ती दवाखान्यात पडून इकडं थाळी वाजवत होती. मग त्या दिवशी का नाही वाजली? कारण त्या दिवशी ती दवाखान्यात नव्हतीच. सुट्टी मिळाली होती. गाडीत बसली होती, घरी यायला निघाली होती! रस्त्यात असलेल्या माणसानं थाळी वाजवायची कशी?”

वर्गानं सुटकेचा मोठ्ठा श्वास सोडला. मला हा श्वास फार आवडतो.

“दुपारी गाडी आली. तीच गाडी, तेच पांढरे पोशाखवाले. या वेळी गावानं दारं उघडली. आधी सगुणाबाई उतरली. मग भागू. हडकली होती, चालताना तोल जात होता. आणि फाटकाशी मला बघून पहिलं वाक्य काय म्हणाली असेल? ‘सर, माझी हजेरी?’ मी म्हणालो, ‘सगळी लागलीय. एका दिवसाची तेवढी उसनी आहे, ती तुझी तू फेड.’ दहावी झाल्यावर तिनंच ही थाळी शाळेला दिली. म्हणाली, आता हिचा आवाज सगळ्यांना ऐकू दे.”

टाळ्या पडल्या. पहिल्या बाकावरच्या मुलीनं शेजारणीचा हात सोडला आणि डोळे पुसत हसली.

“आता कुठं असतात त्या, सर?”

“मिरजेला. मोठ्या दवाखान्यात सिस्टर आहे. पेशंटला सुई टोचायच्या आधी म्हणे नाव विचारते आणि उत्तर येईपर्यंत थांबते.”

“गेल्या वर्षी कोल्हापुरात शिकत होती,” वैजू म्हणाली. “शेवटच्या वर्षाला.”

“पास झाली की.”

“त्याच्या आधी बारावीला केंद्रात पहिली आली होती.”

“हुशारच होती ती. तुला माहीत नाही का?”

“पुढच्या वर्षी लग्न लावणार तिचं?”

“स्थळ चांगलं आलं तर लावायचं,” मी म्हणालो. वर्ग खो खो हसला.

वैजू हसली नाही. ती आत आली. पोह्यांचं ताट तिनं टेबलावर ठेवलं, माझ्या अगदी पुढ्यात, आणि वर्गाकडं वळली.

“पोरांनो, थाळी वाजायची ते खरं आहे. मी आमच्या पडवीत बसून रोज ऐकलीय. राखेतली रेषासुद्धा खरी. दौलूमामा जाईपर्यंत ती रेषा बोटानं हवेत काढून दाखवायचे. सर म्हणतात ना, पटणार नाही? जे पटत नाही ते सगळं खरं आहे.”

“वैजू,” मी म्हणालो, “पोहे गार होतील.”

ती माझ्याकडं वळली. आवाज तिचा तसाच आहे अजून, साऱ्या वर्गाला ऐकू गेला.

“सर, त्या गाडीतून सगुणाकाकी एकटीच उतरली होती.”